हद्द तीच वेस

यशवंतपूर, बेंगळूर
दि. ६ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास,
धाकट्या प्रतापचा शि. सा. न. वि. वि.

येथील सर्व क्षेम. तुझ्या गुडघ्याचं कसं आहे ते सविस्तर कळव. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी आवाज चढवला की मंडीतले हमाल भांडण लागलं समजून धावत येतात. त्यापेक्षा पत्र बरं.

बातमी अशी, की आपल्या अक्षरासाठी मुलगा पाहिला. म्हणजे आम्ही पाहिला असं लोकांना सांगायचं ठरलं आहे. पाहिला तिचा तिनंच. नाव अभिराज इंगळे. होसकोट्याच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर आहे. घर मादरकेरेला, म्हणजे तुझ्या होसकोट्याच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून स्वल्प आत. अक्षराच्या कोरमंगलाच्या कंपनीत त्याचा मित्र आहे, त्यातून ओळख झाली म्हणे. मी खोलात शिरलो नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी पोरगी आपण होऊन लग्न करते म्हणते आहे, तर बापानं पंचनामा करू नये.

कुळी जुळते, देवक वेगळं आहे, जयतीर्थाचार्यांनी पत्रिका पाहून सत्तावीस गुण दिले. पण या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे मादरकेरे वेशीबाहेर आहे! तिथं अजून ग्रामपंचायत आहे. मी स्वतः जाऊन पाटी वाचून आलो.

तुला काय सांगायचं, पण शकुंतलेच्या माहेरच्यांना दर वेळी नव्यानं समजवावं लागतं, त्यामुळे माझं तोंडपाठ झालं आहे. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आपले पूर्वज इथं आले, पेठेत वसले, आणि त्यांनी भवानीसमोर शपथ घेतली की या घरची लेक वेशीच्या आत द्यायची नाही. पुढे तट गेला, दरवाजे गेले, वेस कुठली ते कुणाला सांगता येईना. मग १९४९ साली शहराची महापालिका झाली तेव्हा आजोबांनी सगळ्या भाऊबंदांना बसवून घराण्याच्या वहीत ठराव लिहिला, की यापुढे शहराची हद्द तीच आपली वेस. काय ती दूरदृष्टी! फक्त ही हद्द अशी चालायला लागेल हे त्यांना कुठून कळावं? २००७ साली आपल्या थोरल्या चुलतभावाच्या रम्याचं यलहंक्याचं स्थळ साखरपुड्यापर्यंत आलं होतं, तेवढ्यात यलहंकाच शहरात आलं. मोडलं. बिचारी शेवटी तुमकूरला पडली.

तेव्हा तुझं काम एवढंच, की एकदा मादरकेरेला जाऊन घर बघून ये. तुझ्या नजरेतून काही सुटत नाही. मुहूर्त २७ नोव्हेंबरचा धरला आहे.

कळावे. आहे तो लोभ चाळीतल्या कांद्यासारखा राखून ठेव, भाव पडला म्हणून काढून टाकू नकोस.

तुझा,
प्रताप


होसकोटे
दि. २१ ऑगस्ट २०२५

चि. प्रतापरावास,
जमनाअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

येथील सर्व क्षेम. गुडघा आहे तिथंच आहे.

परवा रिक्षा करून मादरकेरेला जाऊन आले. कळवलं नव्हतं. सकाळी अकराला गेले, कारण त्या वेळी कुठल्याही घराला खोटं बोलता येत नाही. बेसिनमध्ये भांडी असतात, बाईच्या केसांना तेल असतं, आणि पुरुष खरे दिसतात. घर चांगलं आहे. रस्त्याच्या बाजूला पुढचं दार, मागं गोठा, गोठ्यात चार गाई, आणि त्यापलीकडे गुलाबाचे वाफे. मुलगा त्या दिवशी घरी होता. कॉफी त्यानंच केली आणि नंतरचे लोटे कुणी न सांगता विसळले. मी मुद्दाम स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पाहिलं, देखाव्यासाठी करतोय का म्हणून. नाही. हात सवयीचा वाटला.

आमच्या अक्षरात त्यानं काय पाहिलं हेही विचारून घेतलं. तो म्हणाला की त्याचं घर पत्त्यावरून शोधून काढणारी ती पहिलीच व्यक्ती. मला जावई आवडला.

आई बोलते पुष्कळ, पण वावगं बोलत नाही. तिला एकच वेड आहे, उंबऱ्याचं. येणाऱ्या सुनेसाठी म्हणून नवा सागवानी उंबरा बसवला आहे आणि कुणी ओलांडला की लगेच फडकं घेऊन धावते. माझ्या पावलांमागून दोनदा पुसला. असो. ज्या घरात सून यायच्या आधी तिच्यासाठी काही केलं जातं, तिथं लेक द्यायला हरकत नाही.

मात्र गावाचा रंग मला ठीक दिसला नाही. जिकडे तिकडे पाट्या, की शहर आता दहा मिनिटांवर. कुठून दहा मिनिटांवर ते लिहिलेलं नाही. दूध सोसायटीचा सेक्रेटरी आत्तापासूनच नगरसेवकासारखा हात जोडून हिंडतो. ग्रामपंचायत जाणार आणि आपण बेंगळूरकर होणार, म्हणून लोक खूश आहेत. पाणी येत नाही ते नाहीच, पण आता ते शहराचं म्हणून येणार नाही, यातही एक मान आहे. प्रताप, तुझी वेस म्हशीच्या चालीनं इकडे निघाली आहे. लग्न करायचं तर लवकर उरक.

आणि एक, सुना मात्र वेशीच्या आतल्या चालतात, हे आजोबांनी बरं ठरवलं. नाहीतर चिक्कपेटेची शकुंतला तुझ्या पदरात कुठून पडली असती? तिला माझे आशीर्वाद. तुम्हा सर्वांवर माझा जीव आहे तो असाच राहो.

तुझी,
अक्का


यशवंतपूर
दि. २८ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
प्रतापचा शि. सा. न. वि. वि.

येथील सर्व क्षेम म्हणायचं, पण घात झाला. मसुदा निघाला आणि मादरकेरे त्यात आहे.

सगळं क्रमानं सांगतो. या महिन्याच्या दोन तारखेला आपल्या एका महापालिकेच्या पाच झाल्या हे तू वाचलं असशील. आपण एकीत, चिक्कपेट दुसरीत, अक्षराचं ऑफिस तिसरीत. पोरगी रोज तीन महापालिका ओलांडून कामाला जाते. ट्रॅफिक मात्र सलग एकच आहे. त्यानंतर पंधरा दिवसांत, पूर्वेकडची काही गावं शहरात घ्यावीत असा हा मसुदा आला. आपले शेजारी हयवदनराव, जे सर्व्हे खात्यातून रिटायर झाले, ते भल्या सकाळी तो कागद घेऊन आले. पेन्सिलीनं खुणा केलेल्या. ते म्हणाले, काळजी करू नका, पाच महापालिका म्हणजे पाच वेशी. मादरकेरे पूर्वेच्या वेशीत जाईल, तुम्ही पश्चिमेच्या वेशीत. म्हणजे अजून परकंच! मला हायसं वाटलं. मी मंडीत पेढे वाटले.

पण आपला चुलतभाऊ यशोवर्धन! त्यानं मुद्दा काढला, की पाची महापालिकांच्या वर एक प्राधिकरण आहे, त्याचं काय? मग बैठक बोलवावी लागली. अक्का, तीन तास चालली. दोनदा चौचौ बाथचा तिखट-गोड फराळ झाला, कॉफीचा हिशेब नाही. एका बाजूचं म्हणणं, महापालिका हीच वेस. दुसरी बाजू म्हणाली, पाच मुलं वेगवेगळ्या खोल्यांत निजली म्हणून घरं पाच होत नाहीत. प्राधिकरण हीच वेस. कुणीतरी विचारलं, भवानीला यातलं काय अभिप्रेत असेल. त्यावर हयवदनराव म्हणाले की राजपत्रात तसा उल्लेख नाही. शेवटी नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरलं: प्राधिकरण हीच वेस. माझं मत विचारशील, तर मी अध्यक्ष होतो. अध्यक्षाला तटस्थ राहावं लागतं.

आता एकच वाट उरली, हरकत नोंदवायची. तीस दिवसांची मुदत आहे. मी रांगेत उभा राहिलो. पुढचे सगळे आपलं गाव शहरात घ्या म्हणून आलेले, मी एकटाच नका घेऊ म्हणून. अर्जात कारणांचे रकाने होते, पूर, रस्ता, कर आणि इतर. मी इतरवर खूण करून लिहिलं, की सदर गाव हद्दीत आल्यास माझ्या मुलीचा विवाह मोडतो. खिडकीतल्या बाईनं ते दोनदा वाचलं, मग उठून शेजारच्या टेबलावरच्यांना वाचून दाखवलं. माणसं भली. मला आत बोलावून खुर्ची दिली, चहा दिला, आणि मुलीला हे माहीत आहे का असं हळूच विचारलं. मी पावती घेऊन आलो.

सत्तावीस नोव्हेंबर अर्थातच पुढे ढकलला. अक्षरा ताट उचलून आत गेली. शकुंतला गुरुवारपासून माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचं असलं तर हयवदनरावांना सांगते आणि ते मला येऊन सांगतात. त्यांना या वयात नवी नोकरी लागल्यासारखं झालं आहे. पण तूच सांग, साडेतीनशे वर्षांची शपथ मी एकट्यानं कशी मोडू? उद्या काही वाईट घडलं तर बोट कुणाकडे?

तू दुरून का होईना, माझ्या बाजूला उभी राहा. लोभ कमी पडू देऊ नकोस, सध्या घरात त्याची टंचाई आहे.

तुझा,
प्रताप


यशवंतपूर
दि. १७ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
अक्षराचा शि. सा. न.

मी क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे ना? मी तितकीशी नाही. माझ्या मराठीतल्या चुका काढू नकोस, शाळेनंतर पहिल्यांदाच इतकं मोठं लिहिते आहे.

बाबांची हरकत अर्धी मान्य झाली, हे तुला कळलं का? पूर्ण मान्य झाली असती तर बरं होतं, पूर्ण फेटाळली असती तरी चाललं असतं. अर्धी झाली. सुधारित नकाशात हद्द गावाच्या जुन्या ओढ्यावरून नेली आहे. जुना ओढा म्हणजे कुठल्या तरी आजोबांच्या काळातल्या नकाशातला. खरा ओढा पुढे सरकला आणि त्या जागी अभिराजच्या आजोबांनी घर बांधलं. माझं कामच पत्ते नकाशावर बसवायचं आहे, म्हणून ऑफिसच्या स्क्रीनवर मोठं करून पाहिलं. रेघ सरळ त्यांच्या घरातून जाते. पुढची खोली, स्वयंपाकघर, देवघर शहरात. गोठा बाहेर. म्हणजे गाई ग्रामपंचायतीत आणि माणसं महानगरात. मी आधी हसले, आत्या. खरंच खूप हसले. मग घरी आले तर बाबा आनंदानं पुरणपोळीची ऑर्डर देत होते.

त्यांना मार्ग सापडला होता! हयवदन मामांना आणि मोठी टेप घेऊन ते मादरकेरेला गेले. दोघांनी मिळून त्या लोकांच्या घरात खडूनं रेघ मारली. ती फ्रिजच्या खालून जाते. मग बाबांनी सांगितलं, की लग्न गोठ्याच्या अंगणात करू आणि नवरी गोठ्याच्या दारानं घरात येईल, तांदळाचं माप तिथंच ठेवू. एकदा लेक वेशीबाहेर दिली की पुढे ती चालत कुठंही जाऊ शकते. मामांनी त्याला दुजोरा दिला, की ठरावात फक्त देणं आहे, राहणं नाही.

अभिराजची आई रडली. तिचं म्हणणं, ज्या दारानं शेण बाहेर जातं त्या दारानं आमची लक्ष्मी आत येणार नाही. माझ्यासाठी तिनं उंबरा केला आहे, हे तुला माहीत आहे. त्यावर बाबांनी तिला काय सुचवलं असेल? उंबरा काढून गोठ्याला बसवू, खर्च मी देतो.

आता तिनं संक्रांतीपर्यंत वाट बघते म्हणून निरोप दिला आहे. त्यानंतर कोलारचं एक स्थळ आहे. त्या मुलीचे वडील राजपत्र वाचत नाहीत म्हणे. अभिराज म्हणतो की तो कोलारला जाणार नाही, गेला तर माझ्याशी रजिस्टर लग्न करायला जाईल. मी सरी, चालेल, म्हटलं असतं. पण मी रजिस्टर लग्न केलं तर बाबा काय करतील मला माहीत आहे. मंडीत सगळ्यांना हसून सांगतील की आमची काही हरकत नव्हती, आणि घरी येऊन जेवणार नाहीत. मला ते तिथं हवे आहेत, अक्षता टाकायला. रागावलेले नकोत, ओढून आणलेलेही नकोत. आणि मला अभिराज हवा आहे. हे असं सरळ लिहायला लाज वाटते, पण मराठीत दुसरं कसं लिहितात ते मला येत नाही.

आत्या, ते तुझं ऐकतात. निदान तुला घाबरतात. काहीतरी लिही ना त्यांना. माझ्यावर आहे तेवढी माया सगळी या एका पत्रात वापरलीस तरी चालेल.

तुझी,
अक्षरा


होसकोटे
दि. २४ डिसेंबर २०२५

चि. प्रतापरावास,
आशीर्वाद.

वर सर्व क्षेम लिहिलेलं नाही, ते विसरून नाही.

आधी माझा अर्ज घे. आमच्या होसकोट्यात सलूनपासून देवळापर्यंत एकच चर्चा आहे, की आज ना उद्या हे गावही शहरात जाणार. खरंखोटं देवाला ठाऊक. पण गेलं, तर माझं काय? १९७१ साली तुम्ही मला वेशीबाहेर म्हणून इथं दिलंत. उद्या होसकोटे वेशीत आलं, तर माझं लग्न ठरावाविरुद्ध झालं. यजमान गेले असले तरी लग्न झालं होतं, चाळीस वर्षं टिकलं होतं. तेव्हा बैठक बसव, चौचौ बाथ कर, नऊ विरुद्ध सहानं काय तो निकाल लाव आणि मला कळव. मी ट्रंक भरून ठेवली आहे. गोठ्याच्या दारानं येऊ की पुढच्या, तेही कळव.

आता दुसरं. भवानीसमोरची शपथ मंडीत सांगत जा, मला नको. मला आजीनं खरं सांगितलं होतं, मी बोहल्यावर चढायच्या आदल्या दिवशी. पणजोबांची एक बहीण होती. तिला त्याच गल्लीत चार घरं सोडून दिली होती. सासरी छळ होता. रोज दिवेलागण झाली की ती माहेरच्या पायरीवर येऊन बसायची आणि सांगायची. भाऊ ऐकायचे, जाब विचारायला जायचे, मारामाऱ्या व्हायच्या. पेठ हसायला लागली. मग भावांनी ठरवलं, की यापुढे लेक इतक्या लांब द्यायची की तिचं रडणं ऐकू येणार नाही. एवढाच त्या शपथेचा अर्थ. देवीला त्यात नंतर ओढली.

आणि बाबा रे, शपथ फळाला आली. मी तुम्हाला कधी ऐकू आले का?

पहिली तीन वर्षं कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला होती. सगळ्यांची पानं उठल्यावर उरेल ते माझं, आणि कितीतरी दिवस फक्त ताकच उरायचं. पहिल्या गौरीला माहेरचं कुणी बागिना, वाणाचं भरलेलं सूप, घेऊन येईल म्हणून मी सकाळपासून नवं लुगडं नेसून बसले होते. दादांनी, सख्ख्या बापानं, ते सूप बसच्या कंडक्टरकडे दिलं. त्यानं स्टॅंडवर माझं नाव पुकारलं आणि मी जाऊन घेऊन आले. आणि १९७२ साली माझी पहिली मुलगी आठ दिवसांची होऊन गेली, त्यानंतरच्या सोमवारी मी घरी पत्र लिहिलं. येथील सर्व क्षेम. ही रीत फार सोयीची आहे, प्रताप. खोटं बोललं असं होत नाही, रीत पाळली असं होतं. त्या पत्रात चार ओळी होत्या. खाली सगळा कागद कोरा होता. कुणी विचारलं नाही, की एवढा कोरा का.

तू तेव्हा दहा वर्षांचा होतास, तुझा काही दोष नाही. आज त्रेसष्ट वर्षांचा आहेस.

तुझी बायको चिक्कपेटेची. दर शुक्रवारी माहेरी जाते, तुझी सगळी गाऱ्हाणी घालते, शिव्या घालते, मग भावजयीच्या हातचा बिसीबेळे भात खाऊन हलकी होऊन परत येते. म्हणून तुझ्या घरात पस्तीस वर्षं शांतता आहे. ती शांतता तुझ्यामुळे आहे असं तुला वाटत असेल, तर तो गैरसमज आहे. आणि अशी बायको घरात असताना तू तुझ्या लेकीसाठी टेप घेऊन जमीन मोजतोस?

अक्षरा तुझ्याविरुद्ध एक शब्द बोललेली नाही. ती ताट उचलून आत जाते, असं तूच लिहिलंस. वाच ते पुन्हा. अशीच मीही आत जात होते.

संक्रांतीला तीन आठवडे आहेत. पुढं लिहिण्यासारखं काही नाही. माझा लोभ तुला मागावा लागणार नाही, पण या खेपेला तो अक्षराच्या बाजूनं आहे.

अक्का


यशवंतपूर
दि. १ जानेवारी २०२६

ती. अक्कास,
प्रतापचा नमस्कार.

क्षेम नाही. तुझं पत्र मंडीत उघडलं, भर लिलावात. वाचता वाचता गोणीवर बसलो. दलाल लोकांनी माझं तोंड पाहिलं आणि भाव पडला समजून तिघांनी माल काढून टाकला.  

बागिना घेऊन मी येणार होतो, अक्का. मला नवी चड्डी शिवली होती त्यासाठी. ऐन वेळी दादा म्हणाले, पोर लहान आहे, कंडक्टर ओळखीचा आहे. मी रडलो आणि मग खेळायला गेलो. हे मला त्रेपन्न वर्षांत आठवलं नव्हतं.

रविवारी बैठक घेतली. ठरावाच्या पानावर मी आडवी रेघ मारली आणि सही केली. यशोवर्धन म्हणाला, असा ठराव रद्द करायलाही मतदान हवं. हयवदनराव म्हणाले, तीस दिवसांची नोटीस देऊन हरकती मागवायला हव्यात. मी दोघांना तुझं पत्र वाचायला दिलं. हयवदनरावांच्या दोन बहिणी आंध्रात दिलेल्या आहेत. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले आणि न जेवता घरी गेले.

सोमवारी मी मादरकेरेला जाऊन आलो, एकटा, टेप न घेता. अभिराजच्या आईनं मला जरा वेळ बाहेर उभं ठेवलं. ठेवायलाच हवं होतं. मी म्हणालो की लेक पुढच्या दारानंच येईल, आणि फ्रिजखालची खडूची रेघ मी पुसून देतो. त्या म्हणाल्या, ती त्यांनी त्याच दिवशी पुसली. मग आत बोलावलं. सहा फेब्रुवारी धरली आहे. अक्षराला सांगितलं तेव्हा ती माझ्या गळ्यात पडली आणि इतकी रडली की शकुंतला धावत आली आणि मला विचारलं, आता काय केलंत? थेट मला विचारलं, हयवदनरावांमार्फत नाही.

तुझ्या अर्जाचा निकाल असा: मंजूर. येत्या शनिवारी मी गाडी घेऊन येतो. मी स्वतः येतो. लोभ वगैरे समक्षच मागेन.

तुझा,
प्रताप


यशवंतपूर
दि. ९ मार्च २०२६

चि. अक्षरास,
बाबांचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुला रोज फोन होतो, तरी पत्र लिहितो आहे, कारण आत्या पलीकडेच बसलेली असते आणि हे तिच्यासमोर बोलता येत नाही. तिला ऐकू येत नाही असं आपण समजत होतो. हवं ते सगळं येतं.

इकडचं बरं आहे. हयवदनराव परवा आणखी एक नकाशा घेऊन आले होते. त्यात आपली गल्ली निम्मी इकडे आणि निम्मी तिकडे आहे. समोरच्या डोसेवाल्याचा तवा एका प्रभागात आणि गल्ला दुसऱ्यात. ते फार उत्साहात होते. मी त्यांना कॉफी दिली.

आत्या रोज दिवेलागणीला पडवीत येऊन बसते आणि सांगते. अगदी सालवार. तिच्या लग्नापासून सुरुवात केली, दोन महिन्यांत १९७२ पर्यंत आलो आहोत. नावं, सणवार, कोण काय बोललं, त्या दिवशी कुठली भाजी होती, सगळं तिच्याकडे आहे. तुझी आई कुकर लावायचं थांबवते, शिटीत एखादं वाक्य हरवेल म्हणून. मी ऐकतो. मधूनच वाटतं, उठावं, गाडी काढावी, होसकोट्याला जाऊन कुणाची तरी गचांडी धरावी. पण कुणाची धरू? ती सगळी माणसं मेली. मग मी तसाच बसून राहतो. ती म्हणते, तू काही करू नकोस, नुसता बस.

काल तिनं त्या आठ दिवसांच्या मुलीचं सांगितलं. बारसं झालंच नव्हतं, त्यामुळे तिला नाव नव्हतं असं सगळे धरून चालले. पण अक्कानं मनातल्या मनात ठेवलं होतं, रूपश्री. चौपन्न वर्षांत ते नाव तिनं मोठ्यानं उच्चारलं नव्हतं. काल पहिल्यांदा उच्चारलं, आणि मग आम्हा दोघांनाही उच्चारायला लावलं. तुझी आई उठून आत गेली. मी मात्र तिथंच बसून रडलो. तुला ती एक बहीण होती, एवढं तुला माहीत असावं म्हणून लिहितो आहे.

आता तुझं. गेल्या रविवारी तुम्ही दोघं आलात, छान वाटलं. निघताना मी विचारलं, तर तू म्हणालीस की सगळं मस्त आहे. असेलही. अभिराज चांगला मुलगा आहे, त्याच्या आईचा राग मी समजू शकतो आणि प्रेमही. पण मला आता त्या मस्तचा भरवसा वाटत नाही. तुझ्यात काही कमी दिसलं म्हणून नव्हे. मी पूर्वी नीट विचारत नव्हतो म्हणून.

तेव्हा काही झालं, अगदी क्षुल्लक, भाजीत मीठ जास्त म्हणून कुणी बोललं, तरी त्याच संध्याकाळी ये. रस्ता तुंबलेला असेल, दोन तास लागतील, तरी ये. रात्र झाली तर मी नेऊन सोडेन. मी जाब विचारायला जाणार नाही, भांडणार नाही, नुसता बसेन. पायरीवर जागा आहे.

कळावे. आमच्यावर लोभ धर, आणि तो दाखवायला यायचं झालं तर वाट बघत बसू नकोस.

तुझे,
बाबा